उभ्याने बैठक

माझी धाकटी जाऊ विद्यापीठात पदवीच्या मुलांना अजाइल शिकवते. ते काय असतं, हे तिनं मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडायचे, थोडं थोडं पुरं करून दाखवायचं, आणि रोज गटानं उभ्यानंच बैठक घ्यायची, कारण बसलं की माणसं पाल्हाळ लावतात. काल काय केलं, आज काय करणार आणि अडतंय कुठे, एवढंच बोलायचं. अडतंय ते चिठ्ठीवर लिहून फळ्यावर डकवायचं. चिठ्ठी कितीही झोंबली तरी फाडायची नाही, हा तिचा नियम. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरी असा फळा लावला तर भिंत पुरायची नाही."

जाऊ कष्टाळू. पण बाळंतपणानंतर नोकरी मिळाली ती तात्पुरती, आणि ती कायम करायची की नाही हे ठरवायला विभागप्रमुख तास बघायला येणार होते. नेमकी त्याच दिवशी एका गटाच्या फळ्यावर 'अडथळे'खाली एक चिठ्ठी होती: 'तोतरी'. गटातली एक मुलगी अडखळत बोलायची. तिची पाळी आली की बाकीचे घड्याळ बघायचे. एक जण तर मुद्दाम खुर्ची ओढून बसायचा.

चिठ्ठी काढून टाकावी, असं जावेच्या मनात आलं म्हणे. पण प्रमुख बघत होते. तिनं गटालाच उपाय विचारला. गटातली मुलं म्हणाली, हिनं बोलायचंच नाही, हिचं आम्ही सांगू. प्रमुख खूश. मुलं आपले प्रश्न आपणच सोडवतात, असं त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. नोकरी कायम झाली. जाऊ मिठाई घेऊन घरी आली.

काही दिवसांनी ती मुलगी घरी आली. जाऊ बाळाला निजवत होती, म्हणून मी तिला स्वयंपाकघरात बसवलं. मला कसली घाई नव्हती. हळूहळू तिनं सगळं सांगितलं. विषय तिच्या आवडीचा होता. गटाचं निम्मं काम ती करायची आणि भाव दुसरेच खायचे. तिला फक्त दुसरा गट हवा होता.

जाऊ बाहेर आली.

"मॅडम, म... मला दु... दु..."

"दुसरा विषय हवाय ना? घे की. मी ऑफिसात सांगते."

मुलीनं नाही म्हणून मान हलवली, पुन्हा तोंड उघडलं. तोवर जावेनं पाठीवर हात ठेवून तिला दारापर्यंत नेलंसुद्धा.

देव साक्ष आहे, दुसऱ्याच्या कामात पडायचा माझा स्वभाव नाही. पण राहवेना. म्हटलं, "अगं, तिला विषय नको, गट बदलून हवाय."

"कळलं मला, ताई," जाऊ म्हणाली. "पण घेणार कोण तिला? मागेच विचारलं मी सगळ्या गटांना. हसले."

मुलगी अजून उंबऱ्याशीच होती, वाकून चपलेचा पट्टा लावत. पट्टा लागल्यावरही ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.