कप्तानिणीची शिट्टी

आंध्रच्या किनाऱ्यावरच्या भिमिलीतल्या त्या गल्लीत नूकरत्नमला सगळे ‘कप्तानीण’ म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्याला कारण तिचा नवरा, सिंहाद्री. गडी नौदलात म्हातारा होऊन घरी आला. पोरी जन्मल्या तेव्हा हा समुद्रावर, पोरींचे कान टोचले तेव्हाही समुद्रावर. रजेवर आला की मात्र वेण्या तोच घालायचा, आणि त्या दोरखंडासारख्या इतक्या आवळायचा की पोरी भुवया ताणूनच शाळेत जायच्या. जहाजावर त्याचं काम शिट्टी फुंकायचं. जहाज सुटलं, शिट्टी सुटली नाही. नूकरत्नम सकाळी पिशवी घेऊन बाजाराला निघाली की हा फाटकाशी ताठ उभा राहून शिट्टी फुंकायचा.

समोरची गौरम्मा तर तेवढ्यासाठी ओट्यावर भाजी निवडायला बसे.

“निघाली गं बोट. आज कुठल्या बंदराला, अक्का?”

“तुझ्या सासरी,” म्हणत नूकरत्नम पदर सावरून पळत सुटे. शिट्टी अर्धी होते न होते, तोवर ही वळणाआड.

धाकटीच्या लग्नात कडेलोट झाला. वरपक्षाला सामोरी जायला नूकरत्नम मांडवाबाहेर पडली आणि सिंहाद्रीनं शिट्टी लावली तोंडाला. विहीणबाई म्हणाल्या, “आमच्याकडे असं कुत्र्याला बोलावतात.” सगळा मांडव खिदळला.

नूकरत्नम सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाली, “चारचौघांत माझी कुत्री केलीत. पुन्हा ती तोंडाला लावलीत तर याद राखा.”

“बरं,” सिंहाद्री म्हणाला आणि शिट्टी खिशात टाकली. हुकूम म्हणजे हुकूम. पुढे तो फाटकाशी नुसताच उभा राहायचा, हात सरळ सोडून.

आठवडाभर तिला बरं वाटलं. मग फाटकाशी तिचेच पाय रेंगाळायला लागले. एकदा ‘वाजवा हवं तर’ असं अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर गौरम्मा शेंगा सोलत बसलेली. राहून गेलं ते गेलंच.

सिंहाद्री वारला. तिरडी बांधून होत होती, तेवढ्यात त्याचा जहाजावरचा जोडीदार दालिनायडू आला.

“वहिनी, त्याची शिट्टी कुठंय?”

“कशाला, भावा? झाली तेवढी थट्टा पुरे.”

“थट्टा?” म्हातारा बघतच राहिला. “कप्तान जहाजावरून उतरतो तेव्हा मानाची वाजते ती. थट्टेत फुंकली असती तर साहेबांनी सालटी काढली असती आमची. तो म्हणायचा, घराची कप्तान ती, मी रजेवरचा पाहुणा.”

“मग मला कधी बोलले का नाहीत?”

“बोलायचं काय त्यात? आम्हा जहाजावरच्यांना वाटतं, शिट्टी सगळ्यांना कळते.”

शिट्टी देवाच्या कोनाड्यात सापडली. वाजवायची बंद झाली होती, तरी चिंचेनं घासून लख्ख ठेवलेली.

तिरडी फाटकाबाहेर पडली तशी दालिनायडूनं ती फुंकली. गौरम्मासुद्धा ओट्यावरून उठून उभी राहिली. सूर चढत गेला, वर जरा थबकला, मग सावकाश उतरत विरला. त्याला असा उतार आहे हे नूकरत्नमला ठाऊकच नव्हतं. ती फाटकाशी उभी होती, तो उभा राहायचा तिथंच, आणि आज वळणाआड तो चालला होता.