दोह्यातला बुटका पॉइंट गार्ड

नववीत असताना शाळेच्या बास्केटबॉल संघाची निवड होती. क्रीडाशिक्षकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू टेबल टेनिस का खेळत नाहीस?" पोरं हसली.

दोहा शहरातल्या अल नस्र भागात आमचा फ्लॅट होता; तिथे येऊन मी दप्तर भिरकावलं. आईने सगळं ऐकून घेतलं. कॉलेजात असताना ती सांगली जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळली होती. मी तिला पळताना मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"चल खाली," ती म्हणाली.

"व्हाय?"

"चल म्हटलं ना!"

बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तिने ओढणी कमरेला खोचली. "पकड मला." मी झेपावलो. ती डावीकडे झुकली आणि उजवीकडून सटकली. खांबांमधून ती अशी काही पळत होती, की मी धापा टाकत खाली बसलो.

"तू माझे खांदे बघत होतास," ती म्हणाली. "समोरच्याला खांदा दाखवायचा आणि पाय भलतीकडे न्यायचे. ह्याला हुलकावणी म्हणतात. उंच माणसाला वळायला वेळ लागतो, बाळा."

तो अख्खा उन्हाळा मी चेंडू घेऊन तिच्याशी खेळलो. दहावीत संघात आलो, तो पॉइंट गार्ड म्हणून. चेंडू पुढे न्यायचा आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायचं, हे माझं काम. बारावीत आम्ही आंतरशालेय स्पर्धा जिंकलो. अंतिम सामना बघायला आलेल्या एका क्लबच्या प्रशिक्षकाने मला सरावाला बोलावलं.

बाबा अकाउंटंट. ते म्हणाले, "खेळ, पण बी.कॉम. सोडायचं नाही." मी दोन्ही धरून ठेवलं.

क्लबात वेगळीच पंचाईत झाली. सगळे अरबीत बोलायचे आणि मी गप्प. प्रशिक्षक एकदा भडकलेच. "पॉइंट गार्ड मुका असेल, तर अख्खा संघ आंधळा होतो!" मग कपडे बदलायच्या खोलीत, बसमध्ये, जेवताना मी सोबत्यांकडून अरबी उचलली. उच्चार चुकले की ते पोट धरून हसायचे, पण कोर्टवर मी ओरडलो की पळायचे.

पदवीच्या वर्षी मुख्य संघाचा करार हातात पडला. बाबांनी तो तीनदा वाचला आणि नुसतेच माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

बरेच सामने मी बाकावरच बसून काढले. मग एका संध्याकाळी आमच्या मुख्य पॉइंट गार्डचा घोटा मुरगळला. प्रशिक्षकांनी माझ्याकडे मान वळवली. "यल्ला!" म्हणजे चल, उतर!

आम्ही एका गुणाने मागे होतो, शेवटचे काही क्षण उरले होते. मी आमच्या उंच अमेरिकन खेळाडूला जोरात हाक मारली. समोरचे दोघे त्याच्याकडे धावले आणि कोपऱ्यातला आमचा कतारी खेळाडू मोकळा राहिला. मी न बघता चेंडू त्याच्याकडे फेकला. त्याने उडी घेत नेम साधला, चेंडू जाळीतून सरळ खाली आला आणि भोंगा वाजला.

सोबत्यांनी मला खांद्यावर उचललं. एवढ्या उंचीवरून मी कोर्ट पहिल्यांदाच बघत होतो. प्रेक्षकांत आई खुर्चीवर चढून दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या वाजवत होती. बाबा तिला खाली ओढत होते, आणि स्वतः माझं नाव घेऊन गळा फाटेस्तोवर ओरडत होते.