नाना निवडणुकीत पडले त्यानंतर

लग्न होऊन मी धुळ्याहून चोपड्याकडच्या या नगरपालिकेच्या गावात, नाल्यापलीकडच्या वस्तीत आले, तेव्हा माझे सासरे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक होते. वस्तीतलं एकुलतं एक किराणा दुकानही त्यांचंच. सगळे त्यांना नाना म्हणत. वस्तीच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नाला. पावसाळ्यात नाल्यावरची फरशी, म्हणजे तो ठेंगणा पूल, बुडाली की आम्ही बेटावर. दूध नाही, रिक्षा नाही. बाळंतीण अडली तरी पाणी ओसरायची वाट बघायची. त्या दिवसांत सगळी वस्ती नानांच्या दुकानावर चाले.

नाल्यावर उंच पूल करून देतो, असा शब्द नानांनी दोन निवडणुकांत दिला होता. पूल झाला नाही. तिसऱ्या खेपेला ते पडले.

निकालानंतर त्यांनी नेहमीसारखं दुकान उघडलं, उदबत्ती लावली, गल्ल्यावर बसले. कोणी आलंच नाही. दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. समोरच्या घरातल्या अक्का नाल्याच्या फरशीवरून येताना दिसल्या. पदराखाली काहीतरी लपवलेलं. दुकानाजवळ येताच त्या पलीकडच्या भिंतीला चिकटून भरभर चालायला लागल्या, तसा पदर सरकला. गावातून आणलेली तेलाची पिशवी होती. त्यांनी वर पाहिलं आणि मीच चादरीमागे लपले. चोरी जणू माझीच पकडली गेली होती.

पुढचे काही दिवस असेच गेले. माहेरून फोन आला की मी निवडणुकीचा विषयच टाळायचे. "मतं तर दिली नाहीत, वर दुकानही सोडलं," मी एकदा जेवताना नवऱ्याजवळ फणफणले.

नानांनी घास खाली ठेवला. "रागानं नाही सोडलं, बेटा. त्यांना लाज वाटते. खरं तर मला वाटायला पाहिजे."

सकाळी मला सोबत घेऊन ते अक्कांकडे गेले. आम्हाला दारात बघून अक्का गडबडीने उठल्या. पदराचं टोक चुरगाळत म्हणाल्या, "नाना, आते तुमले तोंड कसं दाखाडू?"

"तुनं काय चुकनं, अक्का? पूल मी कया नही. तू मत बरोबर दिधं," नाना म्हणाले. "दुकानमा येत जाय."

अक्का रडायला लागल्या. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. मी काय काय बोलले होते ते आठवून मला मान वर करवेना.

संध्याकाळी अक्का साखर न्यायला आल्या. हळूहळू बाकीचेही आले. दुकान पुन्हा चालू लागलं, पण नाना गल्ल्यावर फार दिवस बसले नाहीत. हल्ली मीच बसते. ते मागच्या खोलीत सुपात डाळ पाखडत असतात. कोणी "नाना कुठे?" विचारलं की मी "आत आहेत" म्हणते. आतला सुपाचा आवाज तेवढ्यापुरता थांबतो.