मरीनाची वाट

"आगिया मरीनाच्या चर्चपर्यंत तीन सिगारेटी, चौथी पेटवावी लागली, तर वाट चुकलात असं समजा," मिनास एकदा एका पाहुणीला म्हणाला होता.

आमच्या बेटावर जुनी माणसं अंतर असंच सांगतात. एक सिगारेट म्हणजे साधारण पाव तास. गेली एकवीस वर्षं मिनास दर वसंतात लाल रंगाचा डबा घेऊन निघतो आणि डोंगरवाटांच्या दगडांवर खुणेचे ठिपके रंगवतो. त्याआधी तो खेचरं हाकायचा. रस्ते झाले, खेचरं गेली, ठिपके उरले. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. वाटेवर निदान दगड तरी ओळखीचे.

या वर्षी सरपंच पांतेलिसने कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर विषय काढला. मरीनाच्या वाटेवरचे निम्मे ठिपके उडाले होते, पाहुणे भरकटत होते.

"काका, गेल्या वर्षी वरपर्यंत गेला तरी होतात का?" त्याने मिनासला विचारलं.

"तुझा बाप खेचरावर उलटा बसायचा, तेव्हापासून जातोय."

लोक हसले. पांतेलिस हसला नाही. "मग उद्या चार सिगारेटींत वर जाऊन दाखवा. मास्तर घड्याळ घेऊन येतील. नाही जमलं, तर डबा दुसऱ्या कुणाकडे देऊ."

मास्तर म्हणजे मी.

सकाळी आठला निघालो. पहिल्याच चढाला त्याचा श्वास वाजू लागला. सिगारेट त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, डॉक्टरांच्या धाकाने. प्रत्येक वळणावर तो ठिपक्याचं निमित्त करून थांबायचा. आधीच लाल असलेल्या दगडालाही पुन्हा लाल लावायचा. दोन्ही बाजूंना दगडी बांध, खाली कंटाळलेला समुद्र, डोक्यावर ऊन. मीही थकलो होतो; चालून नव्हे, त्याच्यासाठी थांबून थांबून.

जुन्या खळ्यापाशी तो बसला. मी ऑलिव्ह आणि वाळका पाव काढला. त्याने पाव पाण्यात भिजवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मास्तर, किती झाल्या?"

"पाच," मी घड्याळ बघून म्हणालो. झाल्या होत्या सात.

"इथवर एक व्हायची."

वर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. तो चर्चमध्ये गेला नाही. दाराशेजारच्या दगडावर त्याने शेवटचा ठिपका काढला. रंग ओघळला. त्याने तो पुसला नाही.

दुकानात परतलो तेव्हा दुपार कलली होती. मिनास डबा मांडीवर घेऊन बसला. पांतेलिसने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे वळला.

"बोला मास्तर. वर जायला किती?"

मी घड्याळाकडे पाहिलं. "साडेतीन सिगारेटी. चार म्हणा. माझ्याच गुडघ्याने खोळंबा केला."

कुणी हसलं नाही. आम्ही आठला निघालेलं आणि आत्ता परतलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. पांतेलिस हातातल्या पत्त्यांकडे बघत म्हणाला, "बरं. मग यंदाही काकाच."

मिनासने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, चुकीच्या दगडावर पडलेल्या ठिपक्याकडे पाहावं तसं. मग त्याने डबा टेबलावर ठेवला, त्यावर ब्रश आडवा ठेवला, काठी उचलली आणि बाहेर पडला.