करकोच्यांचा फोटो

कुंभारीच्या वाटेवरच्या तळ्याकाठी तो गृहस्थ मला एकदाच भेटला. डोक्यावर साहेबी टोपी, पुढ्यात तीन पायांवर उभा केलेला कॅमेरा. करकोचे उडतील म्हणून त्याने माझी बैलगाडी अडवली होती आणि एका धनगरणीची मेंढरंही. भर उन्हाळा, तहानलेली मेंढरं पाण्याकडे माना ताणून ओरडत होती. शहरात स्टुडिओ असल्याचं त्याने स्वतःच मला सांगितलं. ते खरं असावं, कारण काळ्या फडक्यात डोकं घालून तो करकोच्यांना म्हणत होता, "जरा हनुवटी वर घ्या."

"सायेब, मेंढरं मरत्याल की," धनगरीण म्हणाली.

"बाई, निसर्गाच्या चित्रात माणूस आला की सगळं बिघडतं!"

"व्हय? मग मी थांबते हितंच. मेंढरं काय माणसं न्हाईत," असं म्हणून तिने कळप सोडला.

मेंढरं पाण्यात घुसली आणि करकोचे उडाले. फडक्यातून बाहेर येऊन तो मला म्हणाला, "या लोकांना निसर्गाची आवडच नाही हो!"

मला घाई होती. तरी मेंढरांचं पिऊन होईपर्यंत मी गाडी हलू दिली नाही. निसर्ग बघण्यात एवढी मजा असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.