अडलेलं स्टिअरिंग आणि उघडं राहिलेलं दार

त्या वर्षी मी देवाशी बोलत होते ते केवळ तक्रारीच्या सुरात. संध्याकाळी सासूबाई दत्ताच्या तसबिरीपुढे निरांजन लावायच्या आणि मी त्यांच्या मागे हात जोडून उभी राहायची, पण मनात एकच वाक्य असायचं : यांना आण. नमस्कार नाही, स्तोत्र नाही, नुसतं यांना आण. पुढे पुढे त्या वाक्यात विनंतीही उरली नव्हती. दुकानदाराला मागितलेली वस्तू तो देत नसला की आपला आवाज जसा चढतो, तसं माझं झालं होतं.

माझे यजमान बोटीवर सेकंड इंजिनियर होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. वाशीला तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. नवीन वस्ती, रुंद ओसाड रस्ते, काठीएवढी झाडं. दुपारी बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज गेला की पुन्हा सगळं शांत. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. सासूबाईंना मी आईच म्हणायची. आणि दाराबाहेर उभी असायची यांची लाल गाडी.

ती गाडी म्हणजे आमच्या घरातला न बोललेला वाद होता. परदेशी परत चाललेल्या एका साहेबाकडून यांनी ती हौसेनं घेतली होती. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्‌स कार. आई पहिल्यांदा तीत बसल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, ही गाडी आहे की पाळणा? आता मला उठवणार कोण?" मला मूल हवं होतं आणि हे जमिनीवर राहायला हवे होते; यांनी गाडी आणली आणि पुन्हा समुद्रावर गेले. निघताना मात्र मला गाडी चालवायला शिकवलं आणि चावी हातात देत म्हणाले, "हिला फिरवत राहा. बंद पडून राहिली की गाडी मरते." मी त्यांच्याकडे न बघताच चावी घेतली. त्याचं मला नंतर फार वाईट वाटत राहिलं.

ते गेल्यावर महिन्याभरात गाडीच्या स्टिअरिंगचं लॉक त्रास द्यायला लागलं. चावी काढली की स्टिअरिंगचं चाक जरा हलून आतून खट्‌कन अडकतं, चोरीला आळा म्हणून. ते ठीक. पण पुन्हा चावी घातली की फिरेना. चाक जागचं हलेना. कधी पाच मिनिटांत सुटायचं, कधी तासभर मी आत बसून घामाघूम व्हायची. सानपाड्याला गॅरेज असलेले शिंदे यायचे, तेल सोडायचे, चावी कानशीनं घासून द्यायचे. "वहिनी, आतला लॉक झिजलाय. पार्ट इकडे मिळत नाही. टेन्शन घेऊ नका, पंधरा दिवस चालेल." आणि खरोखरच पंधरा दिवसच चालायची. "कापून काढू का तो लॉक?" असंही त्यांनी एकदा विचारलं. मी नको म्हटलं. यांच्या वस्तूला यांच्या माघारी करवत लावायचा मला धीर झाला नाही.

मग मी यांना पत्रातून विचारायला लागले. कुठल्या कुठल्या बंदरातून उत्तर यायचं, त्यात पेन्सिलनं काढलेलं स्टिअरिंग, बाण, आणि खाली सूचना : चावी अर्धी बाहेर ओढ, मग हलक्या हातानं फिरव. उत्तर पोचेपर्यंत दीड महिना झालेला असायचा आणि शिंद्यांनी काम केलेलं असायचं. तरी मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचायची. प्रेमाची वाक्यं यांना लिहिता यायची नाहीत. त्या बाणांवरून बोट फिरवताना मला वाटायचं, हा हात इथं असता तर. गाडी सुरळीत चालू असली की पत्रात लिहायला काही सुचायचं नाही; बिघडली की आतून कुठेतरी बरं वाटायचं. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

आणि मग पत्रं यायची थांबली. एक महिना, दोन महिने. फोर्टमधल्या कंपनीच्या ऑफिसात दोनदा जाऊन आले. बोट एका परक्या बंदरात अडवून ठेवली आहे, तिथल्या लोकांचा आणि मालकांचा काही तंटा आहे, माणसं सुखरूप आहेत, एवढंच सांगितलं. "सुखरूप म्हणजे काय हो?" मी विचारलं. टेबलापलीकडचा माणूस नुसता कागद चाळत राहिला. आईंना मी अर्धंच सांगितलं. त्यांनी पूर्ण विचारलं नाही. पण त्यांचं जेवण कमी झालं, आणि पोस्टमनच्या वेळेला त्या पंखा बंद करून बसायच्या. सायकलची घंटी ऐकू यावी म्हणून.

असंच एका दुपारी जेवणं झाल्यावर आई मोरीतून बाहेर आल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम, चेहरा राखेसारखा. "छातीवर कुणी बसलंय गं," एवढंच म्हणाल्या. आजूबाजूचे पुरुष कामावर, शेजारच्या बाई माहेरी, फोन कुणाकडेच नाही, आणि त्या वेळी आमच्याकडे रिक्षा मिळणं नशिबाचंच. मी त्यांना कवेत धरून कशीबशी गाडीपर्यंत नेलं, त्या बुटक्या सीटवर बसवलं आणि चावी घातली.

फिरली नाही.

चावी अर्धी ओढून पाहिली, हलक्या हातानं, मग दोन्ही हातांनी. पत्रातला एकही बाण उपयोगी पडेना. मी स्टिअरिंगला लोंबकळून त्याला हिसके द्यायला लागले. शेजारी आईंचा श्वास मोठ्यानं वाजत होता. मी ओरडून काय काय म्हणत होते ते आठवत नाही. पण त्यात देवाला दिलेल्या शिव्याही होत्या.

"बाय, थांब. कनाला जोर लावतस? चावी मोरंल."

खिडकीशी पन्नाशीचा, काळासावळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला माणूस उभा होता. हातात सायकल, हँडलला कागदांची पिशवी. बोलण्यावरून इकडच्याच जुन्या गावातला. त्यानं सायकल आडवी टाकली, वाकून पुढचं चाक पाहिलं आणि म्हणाला, "चाक फुटपाथच्या दगराला दाबून बसलाय. वरून तू स्टेरिंग वरतेस. मंग तो सुटनार कसा? हात सोर."

"आईंना बरं नाहीये हो—"

"बघतो हाय ना. न्यूट्रल कर. ती ब्रेकची दांरी खाली कर. आन चाकावरचा हात सोर तू आदी."

मी हात सोडला. त्यानं गाडीच्या नाकाला पाठ लावली आणि रेटलं. गाडी हातभर मागे गेली. "आता फिरव. जोर करू नको." मी चावी दोन बोटांत धरली आणि ती लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"जा," तो म्हणाला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

हॉस्पिटलमध्ये आईंना लगेच आत घेतलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. सवयीनं हात जोडले आणि माझ्या लक्षात आलं की मागायला काही सुचत नाहीये. यांना आण म्हणावं, तर आत आई होत्या. आईंना वाचव म्हणावं, तर इतके दिवस मी त्यांच्यासाठी एकदाही काही मागितलं नव्हतं, त्याची लाज वाटली. शेवटी हात मांडीवर ठेवले आणि मनात म्हटलं, तुला जे दिसतंय ते मला दिसत नाही, तू बघ. किती वेळ गेला कोण जाणे. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

दिवेलागणीला नर्सनं मला घरून कपडे आणि भांडी आणायला पाठवलं. वाटेत एकाएकी आठवलं, घराचं दार मी उघडं टाकून गेले होते, सताड. पोचले तर आमच्या पायरीवर तो माणूस बसलेला. सायकल भिंतीला लावलेली, कागदांची पिशवी मांडीवर.

"म्हातारी कशी हाय?" त्यानं आधी विचारलं.

"बऱ्या आहेत. वाचल्या." आणि मग मला रडू आवरलं नाही.

तो उठून जरा लांब उभा राहिला. "दार उघरा व्हता. परकं घर, कसं लोटून जानार? म्हनलं, बसतो."

मी आग्रहानं चहा केला. तो उंबऱ्याबाहेर बसूनच प्यायला. गाव जासई. आमच्या या नव्या शहरासाठी गेलेल्या जमिनीच्या कागदांसाठी ऑफिसात निघाला होता. "इमारती सगल्या सारख्या तुमच्या. चार फेरं मारलं, ऑफिस गावलाच नाय. तवा तुजा आवाज आयकला." ऑफिस केव्हाच बंद झालं होतं. त्याचा दिवस गेला होता, आणि जासईपर्यंतचं अंतर त्याला आता अंधारातच सायकलनं कापायचं होतं. आम्ही ज्या जमिनीवर राहत होतो तशाच जमिनीचे कागद मांडीवर घेऊन तो माझं घर राखत बसला होता.

निघताना त्याची नजर भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे गेली. "बोटीव हाय?" मी मान हलवली, चार महिने पत्र नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मी पन बारा वर्सं मचव्यावं व्हतो. आमी आपले कामात असतो. खरा दर्या घरच्या बाईला दिसतो. म्हातारीला जप, बाय."

पुढे मी शिंद्यांबरोबर जासईला जाऊन त्याला भेटून आले. त्याची बायको, सुना, अंगणात वाळत घातलेली सुकट, सगळं पाहिलं. तो कुणी अवतार नव्हता, गुडघेदुखीनं बेजार झालेला साधा माणूस होता. पण म्हणून मला त्या दुपारचं काही कमी वाटलं नाही. वाट चुकलेल्या माणसाला नेमकं माझ्या दाराशी आणून उभं करणं, हे माझ्या हातातलं नव्हतं आणि त्याच्याही नव्हतं. याहून जास्त मी काही म्हणत नाही.

लॉकनं त्यानंतरही दोन-तीनदा दगा दिला. मी चाकं सरळ ठेवून, फुटपाथपासून लांब गाडी लावायला शिकले होते, तरी झिजलेलं ते झिजलेलंच. शेवटी शिंद्यांना सांगून मी ते कापून काढलं. यांच्या परवानगीची वाट पाहिली नाही, आणि मनाला काही लागलंही नाही. संध्याकाळच्या नमस्कारात आता मी पहिल्यांदा आईंचं नाव घ्यायची. यांची आठवण तशीच होती, किंबहुना जास्त, पण तिच्यातला चढा सूर गेला होता. रात्री पाठ टेकली की आठवण यायची, शेजारी बसायची, आणि मी तिला बसू द्यायची.

त्या दुपारनंतर पाच महिन्यांनी एका सकाळी दाराशी टॅक्सी थांबली. हे उतरले. इतके वाळलेले की गळ्याची हाडं दिसत होती. बॅग पायरीवर ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. इतके महिने या क्षणी काय काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. आतून आईंचा आवाज आला, "कोण आलंय गं?" मी बाजूला झाले आणि यांना म्हटलं, "आधी आत जा."

मी स्वयंपाकघरात गेले. पलीकडून आईंचं बारीक रडणं ऐकू आलं, मग हसणं. आई पुढे वर्षभर होत्या आणि मुलाच्या हातचं पाणी पिऊन गेल्या. मी त्या वर्षी रोज एकच गोष्ट मागत होते. ती मला मिळाली, पण त्या सकाळी उमगलं की ती पहिल्यांदा आईंची होती, आणि ती त्यांना मिळावी म्हणून एका अनोळखी माणसाला त्या दुपारी वाट वाकडी करावी लागली होती. दत्तगुरूंच्या चरणी कृतज्ञता व्यक्त करायला मला याहून चांगले शब्द सापडत नाहीत. त्या सकाळी मी ओट्याला टेकून उभी होते, भिंतीपलीकडे माझी दोन माणसं बोलत होती, आणि मला आत जायची मुळीच घाई नव्हती.