कैद्याचं स्वगत

सासूबाई गेल्यावर पुण्याचं घर बंद करून आम्ही सासऱ्यांना, बाबांना, म्युनिकला आणलं. दिवसभर ते फ्लॅटमध्ये एकटेच असायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेत त्यांना मुख्य भूमिका मिळाली, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. बँकेत असताना नाट्यस्पर्धा गाजवलेला माणूस, निदान तालमीचे शनिवार तरी बरे जातील.

भूमिका तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाने मुखवटा घालून कोंडून ठेवलेल्या त्या कैद्याची. तो कोण होता, गुन्हा काय, कुणालाच धड माहीत नाही. तरी त्याच्यावर नाटकं, कादंबऱ्या, सिनेमे निघतच राहिले.

"ज्याला जन्मभर बोलू दिलं नाही, त्याच्या तोंडी जो तो आपली वाक्यं घालतोय," बाबा म्हणाले, आणि आमच्या मंडळाने लिहिलेलं दोन पानी स्वगत पाठ करायला बसले.

प्रॉम्प्टर मी. आठवडाभर ऑफिस, लेकीची शाळा, बाबांच्या कागदपत्रांसाठी सरकारी ऑफिसात टेर्मीन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळवायला खेटे, आणि वर ही तालीम. मी अर्धवट झोपेतच बसायची. बाबा वाक्यावाक्याला अडखळायचे. मी लगेच पुढचा शब्द द्यायची. ते माझ्याकडे बघायचे, तो शब्द उच्चारायचे आणि थोड्या वेळाने परत थांबायचे. सगळ्यांचीच घरी जायची एस-बान लोकल चुकायची.

शेवटी दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. "वहिनी, आल्झो... म्हणजे, काकांना नाही झेपणार. मुखवटा आहेच ना, ओठ कुठे दिसतायत? दादा विंगेतून माइकवर वाचतील, काका नुसते उभे राहू देत."

दादा म्हणजे माझा नवरा. त्याने सांगायचं काम माझ्यावर ढकललं. भांडायचंही त्राण नव्हतं. परतताना गाडीतच मी सांगून टाकलं, "अहो बाबा, तुम्हालाच त्रास नको म्हणून."

त्यांनी खिडकीबाहेर नजर वळवली. मग म्हणाले, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा." खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

प्रयोगाला मी विंगेत होते, बाबांपासून दोन हातांवर. नवऱ्याने भराभर वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात मुखवट्याच्या आतून पुटपुटणं ऐकू आलं. बाबा स्वगत म्हणत होते. एक वाक्य, मग थांबणं, मग दुसरं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. ते कधी अडखळलेच नव्हते. नट थांबतो तसे थांबत होते, आणि त्या प्रत्येक जागेत मी घाईघाईने शब्द कोंबला होता. मला माझीच भयंकर लाज वाटली.

नवऱ्याचं वाचून संपलं, टाळ्या पडल्या, पडदा आला. मंडळी सामान हलवायला लागली. मी मुखवट्याची गाठ सोडायला पुढे झाले, तर बाबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांची दोन वाक्यं अजून राहिली होती.